उद्या शाळा आहे का? शिक्षकांच्या पगाराचे वाद आणि ‘शाळा बंद’, नव्या पालकांसाठी

शिक्षकांच्या संपाची बातमी आली की नवे पालक विचारतात, “मागण्या काय आहेत त्यांच्या?” विचारा जरूर, पण त्याच्या आधी एक प्रश्न सुटला पाहिजे: तुमच्या मुलाच्या शाळेतल्या शिक्षकांचा पगार कोण देतं? एवढं कळलं की उद्या शाळा भरेल का, बंद किती ताणला जाईल आणि तोडगा कोणाच्या हातात आहे, यातलं बरंचसं घरबसल्या ओळखता येतं. नाही कळलं तर टीव्हीवर ‘राज्यभरातील शाळा बंद’ अशी पट्टी फिरत राहते, शेजारच्या शाळेची घंटा मात्र नेहमीच्या वेळेला वाजते, आणि तुम्ही डबा न करता, मुलाला न उठवता बसलेले असता.

मी एका अनुदानित माध्यमिक शाळेत लिपिक होतो. दर महिन्याची पगार बिलं, थकबाकीची बिलं, रजेचे हिशेब हे सगळं माझ्या टेबलावरून जायचं. त्या टेबलावरून जे दिसलं ते लिहितो आहे. गोष्ट महाराष्ट्रातली आहे. बेळगावातल्या मराठी शाळेचा शिक्षक कर्नाटक सरकारच्या पगारावर असतो, त्याला मुंबईतल्या आंदोलनाशी कर्तव्य नाही.

पायरी पहिली: शाळा कोणाची, पगार कोणाचा

शाळेच्या पाटीवर हे सहसा लिहिलेलं नसतं. ऑफिसात जाऊन सरळ विचारा, “शाळा अनुदानित आहे का, आणि किती टक्के?” कोणी नीट सांगत नसेल तर शाळेचा अकरा आकडी यूडायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा क्रमांक, मागा. महाराष्ट्रातल्या शाळांचा क्रमांक २७ ने सुरू होतो, पुढचे आकडे जिल्हा, तालुका, गाव आणि शाळेचे. यूडायसच्या संकेतस्थळावर तो टाकला की शाळेचं व्यवस्थापन कोणाकडे आहे ते दिसतं.

जिल्हा परिषदेची शाळा असेल तर पैसा राज्य सरकारचा, पण तो जिल्हा परिषद आणि पंचायत समितीमार्गे येतो. महापालिकेच्या शाळेत महापालिकेची तिजोरीही मध्ये येते, त्यामुळे तिथले काही वाद थेट आयुक्तांच्या दालनात मिटतात, मंत्रालयात जावं लागत नाही. खासगी संस्थेची पूर्ण अनुदानित शाळा असेल तर शिक्षक नेमते संस्था आणि पगार देतं सरकार. आपल्याकडच्या अर्ध्या भानगडी या एका वाक्यातून निघतात. केंद्रीय विद्यालय किंवा नवोदय असेल तर पगार केंद्राचा. राज्यातल्या संपाच्या दिवशीही ती शाळा भरते. स्वयंअर्थसहाय्यित, म्हणजे लोक ज्याला ‘प्रायव्हेट इंग्लिश मीडियम’ म्हणतात तिथे पगार तुमच्या फीमधून होतो.

एक प्रकार राहिला, आणि गेल्या काही वर्षांत सगळ्यात जास्त रस्त्यावर आलेले शिक्षक याच प्रकारातले आहेत: अंशतः अनुदानित. इथे जरा थांबायला हवं.

२००१ च्या सुमाराला सरकारने ठरवलं की नव्या खासगी शाळांना परवानगी मिळेल, पण ‘कायम विनाअनुदानित’ म्हणून. सरकारकडे पगार कधीच मागायचा नाही, ही अट. शाळा निघाल्या, खेडोपाडी निघाल्या. मराठी माध्यमाच्या, गरीब वस्तीतल्या शाळेत फी तरी किती घेणार? शिक्षक वर्षानुवर्षं नाममात्र मानधनावर, कित्येक जण फुकट, ‘एक दिवस अनुदान येईल’ या आशेवर राबले. २००९ मध्ये ‘कायम’ हा शब्द काढला गेला. मग मूल्यांकन, तपासणी, त्रुटी, त्रुटींची पूर्तता, पात्र शाळांच्या याद्या. २०१६ मध्ये बऱ्याच शाळांना पहिले २० टक्के मिळाले. पुढे ४०, ६०, ८० असे टप्पे.

या टक्क्यांचा अर्थ बिलावर कसा दिसतो ते सांगतो. बी.एड. झालेल्या माध्यमिक शिक्षकाची वेतनश्रेणी सातव्या आयोगाप्रमाणे ३८,६०० पासून सुरू होते. शाळा २० टक्क्यांवर असेल तर सरकार त्या मूळ वेतनापैकी ७,७२० रुपये देतं, भत्तेही त्याच प्रमाणात. ४० टक्क्यांवर १५,४४०. उरलेलं संस्थेने द्यायचं, असं कागद म्हणतो. संस्था देते का, हे ज्याचं त्याने शिक्षकालाच एकांतात विचारावं. शेजारच्या पूर्ण अनुदानित शाळेत तीच पदवी, तेच पुस्तक, तीच दहावीची परीक्षा आणि पूर्ण पगार. म्हणून ‘टप्पा वाढ’ हे दोन शब्द बातमीत दिसले की समजायचं, इथे माणसं चिडलेली नाहीत, थकलेली आहेत, आणि थकलेल्यांचं आंदोलन लवकर उठत नाही.

पायरी दुसरी: पगार निघतो कसा, अडतो कुठे

अनुदानित शाळेत दर महिन्याला लिपिक ‘शालार्थ’ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीवर बिल तयार करतो. मुख्याध्यापक ते पुढे पाठवतात. ते जातं ‘वेतन व भविष्य निर्वाह निधी पथका’कडे, सगळे त्याला पे युनिट म्हणतात. तिथे अधीक्षक तपासतात, मग कोषागार, मग बँक. यात सरकारकडून त्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे त्या खर्चाच्या खात्यात, अनुदान आलेलं असलं पाहिजे. अनुदान नसलं तर बिल कितीही बिनचूक असो, ते पडून राहतं. जिल्हा परिषदेत पे युनिटच्या जागी पंचायत समिती येते, बाकी प्रवास तसाच.

त्यामुळे ‘पगार झाला नाही’ याचे किमान चार वेगळे अर्थ असतात. निधीच आला नाही. निधी आला, पण बिल तांत्रिक कारणाने परत आलं. शिक्षकाचा शालार्थ आयडी नाही, म्हणजे तो प्रणालीत जन्मलाच नाही. किंवा त्याच्या नेमणुकीच्या मान्यतेबद्दल शंका आहे. पहिल्या प्रकारात सगळा जिल्हा किंवा सगळं राज्य अडतं आणि संघटना उठतात. बाकीच्या तीन प्रकारांत एकटा माणूस शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवतो. त्याची बातमी होत नाही.

कधी प्रणालीच दगा देते. जानेवारी २०१८ मध्ये शालार्थ बंद पडली आणि पुढे कित्येक महिने पगार ऑफलाइन बिलांवर काढावे लागले. २०२५ मध्ये नागपूर विभागातलं बनावट शालार्थ आयडीचं प्रकरण बाहेर आलं, चौकश्या लागल्या आणि राज्यभरातल्या शिक्षकांना जुन्या मान्यतांचे कागद पुन्हा शोधून अपलोड करावे लागले. खोट्यांबरोबर खरेही रांगेत उभे राहिले.

आणि एक शब्द लक्षात ठेवा: थकबाकी, किंवा आमच्या भाषेत ‘फरक’. सातवा वेतन आयोग राज्यात १ जानेवारी २०१६ पासून लागू धरला, पण प्रत्यक्ष पगार वाढला २०१९ मध्ये. मधल्या तीन वर्षांचा फरक पाच हप्त्यांत द्यायचं ठरलं. ‘हप्ता मिळाला का?’ हा स्टाफरूममधला कायमचा प्रश्न झाला. महागाई भत्त्याचंही तसंच. केंद्र जाहीर करतं, राज्य काही महिन्यांनी देतं, मधल्या काळाचा फरक साचतो. या मागण्यांवर निवेदनं जातात, काळ्या फिती लागतात, पण एवढ्यावर शाळा सहसा बंद होत नाहीत.

पायरी तिसरी: मागणी वाचायला शिका

संघटनेचं निवेदन हातात आलं तर त्यात दहा-पंधरा मागण्या असतात. घाबरू नका. पहिल्या दोन खऱ्या, बाकीच्या सोबतीला. पगाराशी नातं असलेल्या मागण्या साधारण अशा ओळखाव्या.

*जुनी पेन्शन.* १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्यांना जुनं निवृत्तिवेतन नाही. त्यांच्या पगारातून १० टक्के कापून राष्ट्रीय पेन्शन योजनेत जातात, सरकार आपला वाटा घालतं आणि पुढे काय हाती पडेल ते बाजारावर. याच मागणीवर १४ मार्च २०२३ ला राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा बेमुदत संप सुरू झाला. शिक्षक त्यात होते, दवाखान्यांतले आणि महसुलातले कर्मचारीही होते. दहावी-बारावीच्या परीक्षा त्याच काळात चालू होत्या. तीन निवृत्त सनदी अधिकाऱ्यांची समिती नेमली गेली आणि २० मार्चला संप मागे घेतला गेला. पुढे ऑगस्ट २०२४ मध्ये राज्याने केंद्राच्या धर्तीची एकीकृत योजना स्वीकारली, तरी ‘जुनी म्हणजे जुनीच’ म्हणणारे अजून भरपूर आहेत. खासगी शाळांत याला आणखी एक पीळ आहे: माणूस २००५ च्या आधी लागला, पण शाळेला शंभर टक्के अनुदान नंतर मिळालं. त्याला कोणती पेन्शन? हा वाद कोर्टात वर्षानुवर्षं चालला आहे.

*टप्पा अनुदान.* वर सांगितलंच. याचं सगळ्यात बोलकं उदाहरण जुलै २०२५ चं. १४ ऑक्टोबर २०२४ ला पुढच्या २० टक्क्यांच्या टप्प्याचा शासन निर्णय निघाला. दुसऱ्याच दिवशी, १५ ऑक्टोबरला, विधानसभा निवडणूक जाहीर झाली. निवडणूक झाली, नवं सरकार आलं, मार्चचा अर्थसंकल्प झाला, आणि त्या टप्प्यासाठी पैशांची तरतूदच नव्हती. कागद हातात, खात्यात काही नाही. पावसाळी अधिवेशन सुरू असताना शिक्षक आझाद मैदानावर चिखलात बसले आणि ८ व ९ जुलैला शाळा बंदची हाक दिली गेली. शिक्षण विभागाने शाळा सुरू ठेवण्याचं पत्र काढलं. बंदच्या दुसऱ्या दिवशी मंत्री मैदानावर आले, अधिवेशन संपायच्या आत निधीचा प्रश्न सोडवण्याचं आश्वासन मिळालं, मग माणसं घरी गेली. यातून नव्या पालकाने एक गोष्ट उचलावी: ‘जीआर (शासन निर्णय) निघाला’ आणि ‘पैसे मिळाले’ यांच्यात पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पात नसलेल्या खर्चाला सभागृहाची मंजुरी, नावाचा एक दरवाजा असतो. तो उघडतो अधिवेशनात. म्हणूनच मार्च, जुलै आणि डिसेंबरमध्ये आंदोलनं फुलतात. डिसेंबरमध्ये सगळा जथा नागपूरला.

*शिक्षण सेवक आणि कंत्राटी.* नवा शिक्षक पहिली तीन वर्षं ‘शिक्षण सेवक’ असतो. २०२३ पासून त्याला प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० मानधन आहे. त्याआधी प्राथमिकला ६,००० होते. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये कमी पटाच्या शाळांत एक शिक्षक कंत्राटी, महिना १५,००० रुपयांवर नेमायचा निर्णय झाला आणि २५ सप्टेंबरला जिल्हा परिषदांचे शिक्षक सामूहिक रजेवर गेले.

*संचमान्यता आणि टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा).* वरवर पाहता यांचा पगाराशी संबंध नाही. पण संचमान्यता म्हणजे शाळेला किती शिक्षकपदं मंजूर, त्याचा तक्ता. पद गेलं की माणूस ‘अतिरिक्त’ ठरतो आणि समायोजनाच्या, म्हणजे दुसऱ्या शाळेत सामावून घेण्याच्या, फेऱ्यात सापडतो. १५ मार्च २०२४ च्या निकषांनी छोट्या शाळांची पदं कमी होतात ही संघटनांची तक्रार. टीईटीबाबत सर्वोच्च न्यायालयाचा १ सप्टेंबर २०२५ चा निकाल आहे: निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त अवधी असलेल्या कार्यरत शिक्षकांनीही ठरावीक मुदतीत परीक्षा उत्तीर्ण व्हायची, नाहीतर नोकरी सोडायची. वीस-पंचवीस वर्षं शिकवलेल्या बाई-सरांच्या पोटात गोळा आला तो यामुळे. ५ डिसेंबर २०२५ चा शाळा बंद मुख्यतः याच दोन मुद्द्यांवर होता.

पायरी चौथी: आंदोलनाचा प्रकार पाहा, त्यावरून शाळा ठरते

काळ्या फिती: शाळा भरते, शिकवणं होतं. धरणे: बहुधा शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीच्या दिवशी, शिक्षणाधिकारी कार्यालयासमोर. मोर्चा शनिवारी दुपारी असेल तर तुमच्या मुलाला फरकही पडत नाही. ऑनलाइन कामावर बहिष्कार म्हणजे शिक्षक शिकवतात, पण माहिती भरत नाहीत. पालकांच्या दृष्टीने हा सगळ्यात सोसवेल असा प्रकार, आणि खरं सांगायचं तर अशा दिवसांत वर्गात जास्त शिकवलं जातं.

सामूहिक रजा आली की सावध व्हा. कायद्याच्या भाषेत हा संप नाही, किरकोळ रजेचा अर्ज असतो. पण सगळ्यांनी एकाच दिवशी दिला की शाळेत फक्त शिपाई उरतो. लाक्षणिक संप एक-दोन दिवसांचा. बेमुदत संप म्हणजे बोलणी होईपर्यंत. जुन्या लोकांना १९७७-७८ चा राज्य कर्मचाऱ्यांचा ५४ दिवसांचा संप आठवतो. तेवढं ताणण्याची ऐपत आता फारशी कोणाकडे नाही, घराचे हप्ते असतात.

उत्तरपत्रिका तपासणीवर बहिष्कार हा कनिष्ठ महाविद्यालयांचा ठेवणीतला उपाय. फेब्रुवारी २०२३ मध्ये बारावीच्या पेपरांबाबत तो वापरला गेला. कॉलेज बंद नसतं, परीक्षाही होते, पण निकाल लांबेल या भीतीने मंत्रालय हलतं. मुलांच्या जिवाला घोर लागतो हे खरं. आजवर बहुतेक वेळा हा बहिष्कार वेळेत मागे घेतला गेला आहे हेही खरं.

आणि एक वेगळीच गोष्ट: ‘ग्रामस्थांनी शाळेला कुलूप ठोकलं’ अशी बातमी. हा शिक्षकांचा संप नव्हे. तिथे शिक्षक मिळावा म्हणून गावानेच शाळा बंद केलेली असते. दोन्हींत दाराला कुलूपच दिसतं, म्हणून गफलत होते.

पायरी पाचवी: हाक कोणी दिली

शिक्षकांच्या संघटना पुष्कळ आहेत. प्राथमिकला शिक्षक संघ, शिक्षक समिती. माध्यमिकला टीडीएफ, शिक्षक परिषद, शिक्षक भारती. विदर्भातल्या ज्युनिअर कॉलेजांत विज्युक्टा. एकाच संघटनेने हाक दिली असेल तर शाळेतले दोन जण मोर्चाला जातात आणि बाकीचे वर्ग सांभाळतात. ‘समन्वय समिती’ किंवा ‘कृती समिती’ असं नाव दिसलं तर सगळे एकत्र आले आहेत असं धरा. मुख्याध्यापक संघाने पाठिंबा दिला का, हे मी सगळ्यात आधी बघायचो. तो असेल तर शाळा बंद. नसेल तर मुख्याध्यापक चावी घेऊन दारात उभे असतात. शिक्षकेतरही सामील असतील तर घंटा कोण देणार, पाण्याची टाकी कोण भरणार, स्वच्छतागृह कोण उघडणार, असे प्रश्न येतात आणि चार शिक्षक हजर असूनही मुलं परत पाठवावी लागतात.

कधीकधी हाक संस्थाचालकांची असते, शिक्षण संस्था महामंडळाची. त्यांचं दुखणं वेतनेतर अनुदान: वीजबिल, खडू, इमारतीची डागडुजी. शिक्षकाच्या पगाराशी त्याचा संबंध नाही.

विधान परिषदेत शिक्षक मतदारसंघाचे सात आमदार असतात, त्यांची नावंही बातमीत येतील. या मतदारसंघात माध्यमिक आणि त्यावरच्या संस्थांतले शिक्षक मत देतात. प्राथमिक शिक्षकाला मत नाही. माध्यमिकचे प्रश्न सभागृहात जास्त ऐकू येतात आणि जिल्हा परिषदेचे शिक्षक रस्त्यावर जास्त दिसतात, त्याचं एक कारण हे आहे असं मला वाटतं.

पायरी सहावी: आदल्या रात्रीचा मेसेज

पालकांच्या ग्रुपवर रात्री नऊनंतर जे येतं त्यातलं निम्मं जुनं असतं. शासन निर्णय म्हणून पीडीएफ आली तर शेवटच्या परिच्छेदात एक लांबलचक संकेतांक पाहा. त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. त्यावरून कागद या वर्षीचा आहे की कोणीतरी जुनाच पुढे ढकलला आहे, ते लगेच कळतं. संकेतांकच नसेल तर तो शासन निर्णय नाही. पत्र किंवा परिपत्रक असेल, किंवा कोणाची तरी कलाकारी.

शिक्षण विभागाचं ‘शाळा सुरू ठेवाव्यात, गैरहजर राहिल्यास एक दिवसाचं वेतन कपात’ असं पत्र जवळपास प्रत्येक बंदच्या आधी निघतं. ते खरं असतं. पण त्या पत्रामुळे शाळा भरेलच असं नाही. विभागाला ते काढावंच लागतं. शब्द धरायचा तो मुख्याध्यापकांचा. सकाळी साडेसहापर्यंत त्यांचा फोन लागला नाही तर वर्गशिक्षकांना विचारा. ‘बाई, उद्या तुम्ही आहात का?’ असा साधा प्रश्न विचारला तर बहुतेक जण खरं सांगतात. ‘तुम्ही संपात का जाता?’ असं विचारलंत तर उत्तरही तसंच येईल.

बंदच्या दिवशी शाळेत कोण सापडेल? शिक्षण सेवक आणि कंत्राटी शिक्षक. त्यांची नोकरी पक्की नसते, त्यामुळे मनात असूनही ते संपात उतरायला धजत नाहीत. दोन सेवक आणि सात वर्ग असं चित्र असेल तर लहान मुलाला घरी ठेवलेलं बरं. दहावीच्या मुलाला पाठवायला हरकत नाही, तो ग्रंथालयात बसेल.

जिल्हा परिषद आणि अनुदानित शाळेत दुपारचा पोषण आहार असतो. शाळेच्या दिवशी तो शिजला नाही तर मध्यान्ह भोजनाच्या २०१५ च्या नियमांत अन्नसुरक्षा भत्त्याची तरतूद आहे, पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत द्यायचा. मागणारे पालक मी फार पाहिले नाहीत. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. तिथे हा विषय काढता येतो, आणि बेमुदत संप लांबला तर गटशिक्षणाधिकाऱ्यांना निवेदनही त्या समितीच्या नावाने गेलेलं चांगलं. एकट्या पालकाच्या अर्जापेक्षा त्याची नोंद पटकन होते.

संप करायचा हक्क आहे का?

हा प्रश्न प्रत्येक वेळी निघतो. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये तामिळनाडूच्या प्रकरणात सांगितलं की सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत हक्क नाही. महाराष्ट्राच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांतही संपाला मनाई आहे. मार्च २०२३ च्या संपाच्या वेळी मेस्मा, म्हणजे अत्यावश्यक सेवांतला संप रोखणारा कायदाही विधिमंडळात पुन्हा मंजूर करून घेतला गेला. कारखान्यातल्या कामगाराला औद्योगिक विवाद कायद्याचा जो रस्ता होता तोही शिक्षकाला नव्हता. १९८८ मध्ये गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक हा त्या कायद्यातला ‘कामगार’ नाही असा निकाल दिला. खासगी शाळांसाठी आपल्याकडे १९७७ चा सेवाशर्ती कायदा आणि १९८१ ची नियमावली आहे. बडतर्फी किंवा पदावनती झाली तर शाळा न्यायाधिकरण, पगाराचं असेल तर शिक्षणाधिकारी आणि शेवटी उच्च न्यायालय.

म्हणजे कागदावर संपाला जागा नाही, आणि प्रत्यक्षात संप होतात, मिटतात. मिटताना नेहमी एक कलम असतं: संपाचे दिवस रजेत धरायचे की पगार कापायचा. ‘काम नाही, वेतन नाही’ असं सुरुवातीला जाहीर होतं आणि वाटाघाटीत त्याची धार कमी-जास्त होते. वेतन कपात झालीच तर ती पुढच्या बिलात दिसते.

फी भरणाऱ्यांच्या शाळेत

स्वयंअर्थसहाय्यित शाळेत सरकारविरुद्धचा संप पोचत नाही. तिथला वाद आतला असतो: पगार तीन महिने थकले, बँकेत पूर्ण रक्कम जमा करून काही भाग रोख परत मागितला, कोविडच्या काळात निम्मे केलेले पगार पूर्ववत केले नाहीत. १९७७ चा कायदा मान्यताप्राप्त विनाअनुदानित शाळेलाही लागू आहे, म्हणजे कागदावर तिथेही श्रेणीप्रमाणे पगार द्यायचा असतो. पण बोलणारा शिक्षक दुसऱ्या जूनमध्ये दिसत नाही, म्हणून तिथे संप होत नाहीत. शिक्षक सोडून जातात. वर्षात तीनदा गणिताच्या टीचर बदलल्या तर वर्तमानपत्रात न आलेला पगाराचा वाद तो हाच असू शकतो. इथे पालकांच्या हातात एक हत्यार आहे. २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याप्रमाणे फीवाढीचा प्रस्ताव पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे येतो. त्यात वेतनावरचा खर्च दाखवलेला असतो. तो आकडा बघा आणि शिक्षकांच्या संख्येने भागा.

पायरी शेवटची: शाळा पुन्हा भरल्यावर

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षात २०० आणि सहावी ते आठवीला २२० कामाचे दिवस भरायचे असतात. एक-दोन दिवसांच्या बंदने हे गणित बिघडत नाही. आठवडा गेला तर मुख्याध्यापकांना विचारा, दिवस कसे भरून काढणार: शनिवार पूर्ण वेळ करून, की दिवाळीच्या सुट्टीतून? बऱ्याच शाळा शनिवार धरतात. दहावीचे जादा तास आधीच चालू असतात, त्यात अजून जादा बसत नाही, तेव्हा राहिलेले धडे कोणते हे विषयशिक्षकांकडून लिहून घ्या.

मुलाच्या हजेरीत त्या दिवसाची गैरहजेरी लागली असेल तर लगेच दुरुस्त करून घ्या; शाळाच भरली नसेल तर गैरहजेरी कसली? मार्चअखेर, शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर उपस्थितीची टक्केवारी टाकायच्या वेळी, लिपिक जुनं हजेरीपत्रक उघडत बसत नाही.